शेती-अवजारांच्या निर्मितीतील ‘गुणवत्ता-परिपक्वता’ : एका मापपट्टीचे परीक्षण

एखाद्या कारखान्यात गुणवत्तेचे व्यवस्थापन कितपत मुरले आहे हे पायऱ्यांनी मोजण्याची पद्धती विद्यापीठीय संशोधनात आता चांगलीच रूढ झाली आहे. मालकास अथवा व्यवस्थापकास प्रश्नावली द्यावयाची, प्रत्येक विधानापुढे १ ते ५ पैकी एका आकड्यावर खूण करावयास सांगावयाचे, त्या आकड्यांची सरासरी काढावयाची, आणि अमुक उद्योग दुसऱ्या व तिसऱ्या पायरीच्या दरम्यान उभा आहे असा निष्कर्ष मांडावयाचा, हा या संशोधनाचा नित्यक्रम होय. शेतीयंत्रे बनविणाऱ्या लहान कारखान्यांस ही पट्टी लावली की उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. ते कारखाने खालच्या पायऱ्यांवर सापडतात. हे उत्तर खोटे असते असे नव्हे. परंतु ते नेमके कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, याचा विचार सहसा झालेला नसतो. सांगली जिल्ह्यातील कवठे महांकाळ आणि त्याच्या शेजारचा तासगाव-मिरज-जत हा द्राक्षांचा पट्टा समोर ठेवून तो विचार येथे करावयाचा आहे.

या मापपट्टीचा मूळ आराखडा फिलिप क्रॉस्बी या अमेरिकन व्यवस्थापकाचा. ‘क्वालिटी इज फ्री’ या १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी एक चौकट मांडली. तीत आडव्या बाजूस पाच अवस्था आहेत: अनिश्चितता, जागृती, प्रबोधन, शहाणपण आणि निश्चिती. उभ्या बाजूस सहा कसोट्या आहेत. व्यवस्थापनाची समज, गुणवत्ता-विभागाचे संस्थेतील स्थान, अडचणी हाताळण्याची रीत, गुणवत्तेचा खर्च, सुधारणेची कृती आणि एकंदर भूमिका अशा त्या होत. पुढे संगणकप्रणालींच्या क्षेत्रात याच धर्तीच्या पायऱ्या उभ्या राहिल्या, आय.एस.ओ. ९००४ या मानकाच्या २००९ च्या आवृत्तीत पाच पातळ्यांचे आत्मपरीक्षण आले, आणि परिपक्वता हा शब्द व्यवस्थापनशास्त्राच्या परिभाषेत कायमचा स्थिरावला. मूळ चौकटीपासून ही मंडळी जसजशी दूर गेली तसतशी तिच्यातील सर्वांत मोलाची गोष्ट मात्र हातातून निसटली.

ती गोष्ट गुणवत्तेच्या खर्चाच्या ओळीत आहे. क्रॉस्बींनी प्रत्येक अवस्थेपुढे दोन आकडे दिले होते: कारखाना स्वतः सांगतो तो खर्च आणि प्रत्यक्षात होतो तो खर्च, दोन्ही विक्रीच्या टक्केवारीत. पहिल्या अवस्थेत सांगितलेला खर्च अज्ञात असतो, प्रत्यक्ष खर्च २० टक्के. दुसऱ्या अवस्थेत कारखाना ३ टक्के सांगतो, होतात १८. तिसरीत ८ आणि १२, चौथीत ६.५ आणि ८, आणि पाचव्या अवस्थेत दोन्ही आकडे २.५ वर येऊन मिळतात. हे आकडे अनुभवावरून बांधलेले आहेत, त्यांस नियमाचे स्थान देण्याचे कारण नाही. परंतु त्यांमागची कल्पना मार्मिक आहे. पहिल्याकडून तिसऱ्या अवस्थेकडे जाताना कारखाना स्वतःचा अधिक तोटा कबूल करू लागतो, आणि प्रत्यक्ष तोटा त्याच वेळी घटत जातो. परिपक्वता म्हणजे या दोन आकड्यांतील अंतर मिटणे होय, आणि हे अंतर वस्तुतः अज्ञानाचे माप आहे. आजच्या प्रश्नावल्यांत उभ्या कसोट्यांपैकी विभाग, बैठका, प्रशिक्षण, कागदपत्रे ही सारी शिल्लक राहिली आहेत. दोन आकड्यांची ही ओळ मात्र बहुधा गाळली जाते, कारण तिचे उत्तर खूण करून देता येत नाही.

आता ही ओळ शेतीयंत्राला लावून पाहावी. क्रॉस्बींच्या हिशेबात बिघाडाचा खर्च अखेरीस कारखान्याच्या वहीत येतो: टाकून दिलेला माल, पुन्हा केलेले काम, हमीपोटी बदलून दिलेले भाग, तुटलेला ग्राहक. मोटारीच्या अथवा दूरध्वनीच्या धंद्यात हे बव्हंशी खरे आहे. शेती-अवजाराच्या बाबतीत ते खरे नाही. पाभर अथवा कुरी वर्षातून मोजके दिवस शिवारात असते. वाफसा आला की पेरणीची घटका ठरते. त्या दिवशी नळी तुंबली, चाड्याखालचा दांडा वाकला किंवा ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राची साखळी तुटली, तर दुरुस्तीचा खर्च काही शेकड्यांत असेल, परंतु उडून गेलेली ओल परत येत नाही. तो तोटा शेतकऱ्याच्या वहीत पडतो, आणि पुष्कळदा तेथेही पडत नाही. ‘यंदा पीक साधले नाही’ एवढ्या वाक्यात तो विरून जातो. हमीची मुदत तर पंचांगाप्रमाणे चालते. मे महिन्यात घेतलेले अवजार जूनमध्ये आठ-दहा दिवस राबते आणि उरलेले महिने पडवीत उभे राहते. हमी मात्र पडवीतही संपत असते. म्हणजे ज्या धंद्यात बिघाडाचा सर्वांत मोठा भाग उत्पादकाच्या हिशेबाबाहेर पडतो, त्याच धंद्याची परिपक्वता उत्पादकास विचारून ठरविली जात आहे.

कवठे महांकाळच्या पट्ट्यात हा प्रश्न अधिक तीव्र होण्यास कारण आहे. हा तालुका मूळचा अवर्षणप्रवण. अग्रणी नदीचे खोरे, ज्वारीची कोरडवाहू शेती आणि उन्हाळी टंचाई अशी त्याची जुनी ओळख. म्हैसाळ येथे कृष्णेचे पाणी उचलून ते टप्प्याटप्प्याने पूर्वेकडे नेणाऱ्या योजनेमुळे आणि त्याआधीपासून शेतकऱ्यांनी विहिरी, टँकर व ठिबकच्या आधारे केलेल्या धडपडीमुळे येथे द्राक्षबागा आणि बेदाण्याचा व्यवसाय वाढला. पीक बदलले की अवजार बदलते. कुळव, कोळपे आणि कुरी यांच्या जोडीस लहान ट्रॅक्टर, त्याच्या पीटीओवर चालणारा फवारणीचा ब्लोअर, दोन ओळींमधून जाणारा अरुंद रोटाव्हेटर, सरी पाडण्याचा रेजर आणि ट्रॉली आली. यांपैकी काही यंत्रे मोठ्या कंपन्यांची असतात; पुष्कळशी मात्र रस्त्याकडेच्या वेल्डिंगच्या आणि लेथच्या कारखान्यांत बांधली, जोडली वा सुधारली जातात. पंप, गिअरबॉक्स, नोजल बाहेरून येते; सांगाडा, टाकी, जोडणी आणि मोजमाप स्थानिक.

द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांस ब्लोअरच्या गुणवत्तेचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही. फूट कोवळी असते, घड बाहेर पडत असतो, आणि अशा वेळी पाऊस झाला की डाऊनीचा बंदोबस्त काही तासांत करावा लागतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील लांबलेल्या पावसाने नाशिक आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील बागांचे अपरिमित नुकसान केले. तशा आठवड्यात पंपाचा पडदा फाटला, पंख्याचा तोल गेला अथवा पीटीओचा सांधा तुटला, तर यंत्राची किंमत आणि बागेचे नुकसान यांत तुलनाच उरत नाही. या एका घटनेत उत्पादकाने मोजलेला खर्च एका पडद्याचा, बागाईतदाराचा खर्च हंगामाचा. क्रॉस्बींच्या दोन आकड्यांमधील अंतर या ठिकाणी कोणत्याही पायरीवर मिटत नाही, कारण दुसरा आकडा कारखान्यात नसतोच.

येथे थोडे मागे जाणे आवश्यक आहे. बलुतेदारीच्या व्यवस्थेत लोहार आणि सुतार यांस अवजाराची सुटी किंमत मिळत नसे. सुगीला खळ्यावर ठरलेला धान्याचा वाटा मिळे. फाळ शेवटास गेला की तो पाजविणे, जोडणी सैल झाली की ठोकणे, हे सारे त्या वाट्यात आले. म्हणजे मोडतोडीचा भार काही अंशी करणाऱ्यावरच होता. अवजार जितके टिकेल तितके लोहाराचे श्रम वाचत. ही व्यवस्था जातिबद्ध होती, विषम होती, आणि कसब वाढवावे असे उत्तेजन तिच्यात नव्हते. तिचे गोडवे गाण्याचे काहीच कारण नाही. परंतु तुटीची नोंद कोणाच्या माथी पडावी, हा जो प्रश्न आजच्या मापपट्ट्यांनी सोडून दिला आहे, त्याचे एक उत्तर तिच्यात होते, एवढे मात्र मान्य केले पाहिजे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या नांगराची हकीकत या प्रकाशात पुन्हा वाचण्यासारखी आहे. १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरू झालेल्या या उद्योगाने कडबा कापण्याच्या यंत्रानंतर १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते अशा समजुतीमुळे त्यांस सुमारे दोन वर्षे गिऱ्हाईक मिळाले नाही, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे, आणि ती नेहमी शेतकऱ्याच्या अज्ञानाचा दाखला म्हणून सांगितली जाते. परंतु त्या भीतीच्या पोटी एक व्यवहारी शंकाही असणे शक्य होते. लाकडी नांगराचा लोखंडी फाळ गावच्या भट्टीत तापवून ठोकता येई, वाढवता येई. बिडाचा फाळ तसा ठोकता येत नाही. तो झिजला अथवा फुटला की नवाच आणावा लागतो. लाकडी नांगर सोडून बिडाचा नांगर घेणारा शेतकरी केवळ अवजार बदलत नव्हता. दुरुस्तीसाठी गावातील माणसावर असलेली आपली भिस्त तो दूरच्या कारखान्यावर टाकीत होता. विषाच्या समजुतीला उत्तर एका प्रात्यक्षिकाने देता येते. या दुसऱ्या शंकेचे उत्तर वर्षानुवर्षे सुटे भाग मिळत राहण्यानेच देता येते.

१९१० साली औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या साहाय्याने हा कारखाना कुंडलच्या माळावर आला आणि किर्लोस्करवाडी वसली. पुढे साताऱ्यास धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातही लोखंडी नांगर होऊ लागले. म्हणजे कृष्णाकाठाने स्पर्धाही पाहिली. किर्लोस्करवाडीतून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ती पुढील ‘किर्लोस्कर’ मासिकाची पूर्वपीठिका म्हणून ओळखली जाते. गुणवत्तेच्या अभ्यासकाने तिच्याकडे कारखाना आणि गिऱ्हाईक यांच्यामधील दुवा म्हणून पाहावयास हवे. आजची प्रश्नावली १९०३ च्या किर्लोस्करांपुढे ठेवली असती तर ते निःसंशय पहिल्या पायरीवर बसले असते: गुणवत्ता-विभाग नाही, लेखी कार्यपद्धती नाही, बाहेरचा परीक्षक नाही. ‘गुणवत्तेचे संख्याशास्त्रीय नियंत्रण’ ही कल्पनाही तोवर जन्मास आली नव्हती. तिचे जनक वॉल्टर शूहार्ट यांनी आपले पहिले नियंत्रण-आलेखन १९२४ साली केले, आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते हिंदुस्थानात आले ते १९४७-४८ मध्ये. तरीही त्या पहिल्या पायरीवरच्या कारखान्याने एक पिढी शेतकऱ्यांचा विश्वास मिळविला. मापपट्टीस हे दिसत नसेल, तर मापपट्टीत काही उणे आहे.

याचा अर्थ पट्टी फेकून द्यावी असा कोणी काढील तर तो उतावळेपणा ठरेल. मोठ्या उद्योगांनी या मार्गाने जे मिळविले आहे ते खरे आहे. महिंद्र उद्योगाच्या ट्रॅक्टर-विभागाने २००३ साली जपानचे डेमिंग पारितोषिक मिळविले; ते मिळविणारा तो जगातील पहिला ट्रॅक्टर-उत्पादक. २००७ साली त्याच विभागास जपान क्वालिटी मेडल लाभले. असे यश भिंतीवरच्या घोषणांनी मिळत नाही. हजारो ट्रॅक्टरांच्या तक्रारींची नोंद, त्यांचे वर्गीकरण, मूळ कारणापर्यंत जाण्याची शिस्त, पुरवठादारांपर्यंत पोहोचणारे नियंत्रण हे सारे तेथे उभे करावे लागते. मोठ्या कारखान्याजवळ स्मृती असते. त्याची अडचण अंतराची: शिवारातील तक्रार विक्रेता, विभागीय कचेरी आणि सेवा-विभाग अशा हातांतून जाते, आणि प्रत्येक हातात तिचा थोडा अर्थ गळतो. ‘बांधाकडच्या ओळीत औषध वर लागत नाही’ हे शेतकऱ्याचे वाक्य तक्ता भरणाऱ्याच्या हातून ‘दाब कमी’ या चौकटीत जाऊन बसते.

लहान कारखान्याची स्थिती याच्या नेमकी उलट. ज्याने ब्लोअर जोडला त्याच्या दारात दुसऱ्या दिवशी बागाईतदार उभा असतो, अनेकदा ते यंत्र घेऊनच. तक्रार आणि करणारा हात यांच्यामध्ये कोणी नसते. परंतु हे ज्ञान वहीत उतरत नाही. मोडीत निघालेल्या मालमोटारीच्या पाट्यापासून केलेला फण एका शेतकऱ्याकडे चार हंगाम चालतो आणि दुसऱ्याकडे पहिल्याच मुरमात तुटतो. पाटा कोणत्या पोलादाचा होता, किती तापविला होता, पाण्यात विझविला की तेलात, यांपैकी काहीच लिहिलेले नसते. कारागिराच्या नजरेला तापलेल्या लोखंडाचा रंग कळतो, आणि ते ज्ञान खोटे नव्हे. ते त्या नजरेबरोबर निवृत्त मात्र होते. मुलगा दुसऱ्या धंद्यात गेला, कामगार पुण्यास गेला, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. येथे दोन प्रकारच्या ‘अनिश्चितते’चा भेद करणे अवश्य आहे. एक कारखाना असा की ज्यास आपल्या मालाचे शिवारात काय होते ते ठाऊकच नाही. दुसरा असा की ज्यास ते ठाऊक आहे, परंतु नोंद नाही. प्रश्नावलीत दोघांनाही ‘१’ हा एकच आकडा मिळतो. पहिल्यास ज्ञान मिळवावयाचे आहे, दुसऱ्यास केवळ टिकवावयाचे आहे; दोघांस एकच उपाय सुचविणे म्हणजे दोन रोगांवर एकच मात्रा देणे होय. सरासरीच्या गणिताची चूक तर याहून ढोबळ आहे. पायऱ्या हा क्रम आहे, मोजमाप नव्हे. चौथी पायरी दुसरीच्या दुप्पट नसते, आणि ‘२.६ वी पायरी’ जगात कोठेच नसते.

लहान कारखान्याविषयी एवढे बोलल्यावर त्याच्या दुसऱ्या बाजूकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे होईल. शिवाराची ओळख हा सुरक्षिततेला पर्याय नाही. मळणीयंत्रांनी देशभर इतके हात तोडले की १९८३ साली संसदेस त्यासाठी धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. त्या मळणीयंत्रांपैकी पुष्कळशी लहान कारखान्यांतच घडली होती, आणि ती करणारे शेतकऱ्यास चांगले ओळखत होते. पेंढी आत सरकविण्याचे तोंड किती लांब असावे हे त्यांस ओळखीने कळले नाही; मानकाने आणि कायद्याने सांगावे लागले. फिरत्या पीटीओवरील आवरण काढून ठेवण्याची रीत अनेक ठिकाणी दिसते. ग्राहकास ते अडचणीचे वाटते आणि करणारा ग्राहकाचे ऐकतो. जेथे ग्राहकाची इच्छा आणि त्याचे हित यांत अंतर आहे, तेथे दाराशी असलेला ग्राहकही उपयोगी पडत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती, औषधांच्या मिश्रणापासून संरक्षक साधनांच्या अभावापर्यंत. परंतु फवारणीचे साधन किती, कसे आणि कोणाच्या अंगावर उडविते हा प्रश्न त्यांतून वगळता येत नाही.

फवारणीयंत्र हे या सर्व चर्चेचे सर्वांत चांगले उदाहरण आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक थांबणे योग्य होईल. ब्लोअरची गुणवत्ता विक्रीच्या दिवशी पूर्ण होत नाही. ती दर तासाला बदलते. नोजलचे छिद्र औषधातील कणांनी घासून मोठे होत जाते. पितळेचे लवकर झिजते, पोलादाचे त्याहून उशिरा, सिरॅमिकचे फारच उशिरा. नव्या नोजलच्या मानाने प्रवाह १० टक्क्यांहून अधिक वाढला की ते बदलावे, असा सर्वमान्य दंडक आहे. परंतु १० टक्के वाढ डोळ्यास दिसत नाही. मापी भांडे आणि घड्याळ घेऊन प्रत्येक नोजलखाली मिनिटभर बसावे लागते. दोन्ही बाजूंची नोजले सारखी झिजत नाहीत, त्यामुळे एका ओळीस औषध कमी पडते आणि दुसरीस जास्त. कमी पडले तेथे रोग उरतो. मग पुन्हा फवारणी होते, आणि जेथे आधीच जास्त होते तेथे आणखी भर पडते.

ही भर कोठे जाऊन पोहोचते ते द्राक्ष-निर्यातीच्या इतिहासात दिसून आले आहे. २००३ साली भारतीय द्राक्षांत मेथोमिल आणि ॲसिफेट यांचे अवशेष मर्यादेबाहेर आढळल्याने युरोपात मोठे संकट ओढवले. त्यानंतर अपेडा आणि पुण्याचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांच्या सहभागाने अवशेष-नियंत्रणाची व्यवस्था उभी राहिली: निर्यातीच्या बागांची नोंदणी, औषधांच्या वापराची नोंद, प्रयोगशाळेत फळांची तपासणी. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ-नियंत्रकाच्या अवशेषाने तिची पुन्हा परीक्षा घेतली. शेतीमालाच्या क्षेत्रात इतकी सुसूत्र व्यवस्था भारतात क्वचितच आढळेल. परंतु तिचा रोख फळावर आणि औषधावर आहे. ज्या यंत्राने ते औषध त्या फळावर टाकले, ते यंत्र तिच्या नजरेबाहेर राहते. युरोपीय संघाने २००९ च्या निर्देशाने वापरातील फवारणीयंत्रांची नियतकालिक तपासणी सक्तीची केली: नोव्हेंबर २०१६ पर्यंत प्रत्येक यंत्र निदान एकदा तपासलेले असावे, आणि २०२० नंतर दोन तपासण्यांमध्ये तीन वर्षांहून अधिक काळ जाऊ नये. म्हणजे ज्या बाजारासाठी येथील बागाईतदार राबतो, त्या बाजारातील शेतकऱ्याचे यंत्र वापरात असताना तपासले जाते. येथील यंत्र मात्र फार तर कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी.

भारतीय धोरणात परिपक्वतेच्या पायऱ्या आल्या त्या ‘झेड’ योजनेच्या रूपाने. शून्य दोष आणि पर्यावरणावर शून्य परिणाम असा तिचा मंत्र. २०१६ साली सुरू झालेली ही योजना एप्रिल २०२२ मध्ये नव्याने मांडण्यात आली, आणि कांस्य, रौप्य व सुवर्ण अशा तीन पातळ्या ठरल्या. प्रमाणपत्राच्या खर्चात सूक्ष्म उद्योगास ८०, लघु उद्योगास ६० आणि मध्यम उद्योगास ५० टक्के साहाय्य मिळते. कांस्य पातळीचे निकष पाच: नेतृत्व, स्वच्छ कार्यस्थळ, कार्यस्थळाची सुरक्षितता, वेळेवर पुरवठ्याची मोजणी आणि गुणवत्ता-व्यवस्थापन. वेल्डिंगच्या धुरात काम करणाऱ्या मजुराच्या दृष्टीने यांतील तिसरा निकष मोलाचा आहे, आणि योजना केवळ त्यासाठीही समर्थनीय ठरावी. तथापि पाचही निकष कारखान्याच्या आवारात मावतात, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. यंत्रांवरील अनुदानाची स्थितीही अशीच. २०१४-१५ पासून चालू असलेल्या कृषी-यांत्रिकीकरण उपअभियानात अनुदानासाठी मान्य संस्थेचा चाचणी-अहवाल लागतो. या अटीने बाजारातील निकस माल काही अंशी बाजूस सारला, हे मान्य करावयास हवे. पण चाचणी नमुन्याची होते. शूहार्ट यांच्या विवेचनाचा गाभाच असा की एक नमुना उत्तम असणे आणि उत्पादनाची प्रक्रिया स्थिर असणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. ज्या कारखान्यात पोलाद दर खेपेस निराळ्या ठिकाणाहून येते, तेथे तर त्या सर्वस्वी भिन्न होत.

परिपक्वता हा शब्द येथे थोडी गंमत करतो. द्राक्ष परिपक्व झाले की नाही हे ठरविताना बागाईतदार बागेच्या कागदपत्रांकडे पाहत नाही. घडातील मणी तोडून त्याच्या रसाची गोडी मापकावर वाचतो, आणि तीही एका घडाची नव्हे, बागेच्या निरनिराळ्या भागांतील घडांची. गुणवत्ता-परिपक्वतेच्या संशोधनाने याच पट्ट्यातून एवढी रीत उचलली तरी पुष्कळ होईल. त्यासाठी प्रश्नावलीचा पत्ता बदलावा लागेल. कारखान्याच्या मालकास ‘तक्रारींचे विश्लेषण नियमितपणे केले जाते काय?’ असे विचारण्याऐवजी त्याने गेल्या तीन वर्षांत विकलेल्या यंत्रांपैकी काही निवडून, ती जेथे आहेत त्या बागेत जाऊन पाहावे: कोणता भाग बदलला, तो किती दिवसांत मिळाला, मूळचा मिळाला की दुसराच बसविला, आवरण जागेवर आहे काय, नोजलांचा प्रवाह एकमेकांशी किती जुळतो. मग तेच प्रश्न त्या यंत्राच्या कर्त्यास विचारावेत आणि दोन उत्तरे शेजारी शेजारी लिहावीत. कर्त्याला ठाऊक असलेला बिघाड आणि बागेत प्रत्यक्ष झालेला बिघाड यांतील अंतर हेच क्रॉस्बींच्या त्या दोन आकड्यांचे शेतीतले रूप होय, आणि ते टक्क्यांत नाही तरी दिवसांत निश्चित मोजता येते.

असे संशोधन खर्चिक होईल, ही हरकत खरी आहे. शंभर प्रश्नावल्या टपालाने पाठविता येतात, शंभर बागा तशा पाहता येत नाहीत. परंतु पदव्युत्तर प्रबंधासाठी बारा-पंधरा यंत्रे पुरेशी आहेत, आणि वेळ निवडण्याचे स्वातंत्र्य संशोधकास असतेच. आजवरच्या पाहण्या बहुधा विद्यापीठाच्या सत्राला सोयीच्या महिन्यांत होतात. या पट्ट्यातील पाहणी ऑक्टोबर छाटणीनंतरच्या पहिल्या साठ दिवसांत करावी लागेल. त्या दिवसांत कारखानदारास उत्तरे देण्यास सवड नसेल, आणि त्याची सवड का नाही, कोणाचे कोणते यंत्र त्याच्या दारात उभे आहे, हीच पाहणीची पहिली नोंद ठरेल.